आभाळ येऊन राहिलं, ताई!

पाडवा जवळ आला की माझ्या टपालात लग्नपत्रिकांपेक्षा अवकाळीची पत्रं जास्त असतात. या खेपेला पाच निवडली. पहिलं सगळ्यांच्याच मनातलं आहे, म्हणून जागा त्यानेच जास्त खाल्ली.

प्रश्न : ताई, नमस्कार. काटोल तालुक्यात आमचं पाच एकर वावर आहे. तीन एकर हरभरा सवंगून (कापून) गंजी लावली आहे, थ्रेशर शनिवारशिवाय मिळत नाही. दोन एकर गहू उभा आहे. फोनवर बुधवारी पाऊस, गुरुवारी ऊन, शुक्रवारी पुन्हा विजा दाखवून राहिले. मागच्या आठवड्यातही असंच दाखवलं अन् एक थेंब पडला नाही. भाऊ म्हणतो, ताडपत्रीचं भाडं फुकट गेलं. भरवसा ठेवायचा की नाही?

उत्तर : भाऊ, फोनवरचा तो अंदाज जिल्ह्याचा आहे, तुमच्या वावराचा नाही. सगळी गोम तिथंच आहे. नागपूर जिल्हा म्हणजे सुमारे ९,९०० चौरस किलोमीटर, १४ तालुके. मार्चमधला गडगडाटी ढग मात्र पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात बरसून मोकळा होतो. हवामान खातं 'तुरळक ठिकाणी' म्हणतं, तेव्हा पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर तो पडेल, असा त्याचा ठरलेला अर्थ असतो. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्मी. तेव्हा कोंढाळीला धो धो आणि काटोलच्या बसस्टँडवर धूळ, असं झालं तरी अंदाज चुकला असं म्हणता येत नाही.

माझे वडील कळमेश्वरकडे मास्तर होते. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होतं, रोज सकाळी साडेआठला ते पाणी मोजपात्रात ओतून डोळा बरोबर रेषेवर आणून आकडा लिहायचे. एका मार्चात त्यांनी वहीत १२ मिलिमीटर लिहिले आणि आम्ही नाल्यापलीकडच्या वावरात गेलो, तर पायाखालून फुफाटा उडत होता. (साडेआठ ते साडेआठ हा हिशेब लक्षात ठेवा. मंगळवारी संध्याकाळचा पाऊस बुधवारच्या आकड्यात दिसतो, आणि चावडीवर त्यावरून विनाकारण भांडणं होतात.)

म्हणून पाऊस येईल की नाही हे मला विचारू नका. आला तर काय जाईल, ते मोजा. गंजीत पाणी शिरलं तर हरभरा काळा पडतो, दाणा फुगतो, कोंब फुटतो, आणि कुटारही (भुसाही) ढोरं तोंड लावणार नाहीत असं कुजतं. तीन एकरांच्या मालापुढे ताडपत्रीचं भाडं ते काय? फुकट गेलं तर जाऊ द्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात राज्यभर गारपीट झाली, त्या वेळी 'उद्या झाकू' म्हणणारी मीच होते. घरातले अजून ऐकवतात.

झाकायचं तेही नीट. गंजी खोलगट जागेत असेल तर आजच उंचवट्यावर हलवा, भोवती वीतभर चर काढा. ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबा, कारण या दिवसांत पावसाआधी वारा येतो आणि नुसती टाकलेली ताडपत्री शेजाऱ्याच्या धुऱ्यावर सापडते. गुरुवारी ऊन पडलं की दहा-अकराला ती काढा. झाकूनच ठेवली तर आत वाफ धरते, बुरशी लागते. मग पाऊस न पडताही नुकसान.

गव्हाचं वेगळं. दाणा दाताखाली कट्ट वाजला तर मंगळवारपर्यंत कापून घरात आणा. भिजलेल्या गव्हाची चमक जाते आणि व्यापारी पहिलं बोट तिथंच ठेवतो. दाणा दबत असेल तर उभाच राहू द्या, पण या आठवड्यात पाणी देऊ नका. ओल्या जमिनीत वारा घुसला की गहू लोळतो.

हे दिवस असे का, तर बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा विदर्भावर पोचते, वायव्येकडून कोरडा गरम वारा असतोच, आणि दुपारच्या तापल्या जमिनीवर दोघांची गाठ पडते. त्यामुळे पाऊस बहुधा दुपारनंतर. मी स्वतः पहाटेवर लक्ष ठेवते. आदल्या रात्री पांघरूण पायाशी गेलं, अंग चिकचिकलं, की दुपारी आभाळाकडे बघत बसायचं. अंदाजातले पहिले दोन दिवस मनावर घ्या, पुढचे नुसते कानावर असू द्या, आणि रोज संध्याकाळी नवा अंदाज बघा.

प्रश्न : नरखेड तालुक्यात संत्र्याची ४०० झाडं आहेत. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळं बोराएवढी झाली. गार पडण्याआधीच औषध मारून ठेवू का?

उत्तर : नको, दादा. गारेला औषध नाही आणि पावसाच्या तोंडावर मारलेलं धुऊन जाईल. मोरचूद आणि कळीचा चुना आणून ठेवा. गार पडलीच तर मोडलेल्या फांद्या कापा, कापल्या जागी बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचाच घट्ट लेप) लावा आणि एक-दोन दिवसांत एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा : १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी बादलीत नाही. मिसळल्यावर त्यात घासलेला विळा मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडला, आणखी घाला. विळा जसाच्या तसा निघाला की पंप भरा. दुसरं कोणतंही औषध त्यात मिसळू नका, आणि केलेलं त्याच दिवशी संपवा.

फवारणीआधी एक काम : झाडांचे, खाली पडलेल्या फळांचे फोटो काढा आणि तलाठी, कृषी सहायक यांना लगेच कळवा. झाडाखालचा सडा झाडून स्वच्छ केल्यावर पंचनाम्याला काय दाखवाल?

प्रश्न : काकू, मी उमरेडची. कुरोड्यांचा गहू रविवारी भिजत घातला. सासूबाई म्हणतात चीक बुधवारी शिजवू. पण बुधवारीच पाऊस आहे म्हणे!

उत्तर : अगं, गहू हवामान खात्याला विचारून भिजवत नाहीत, हे खरं आहे. तीन दिवसांचा भिजवण बुधवारीच पुरा होतो, पण मी असते तर मंगळवारी संध्याकाळी वाटून चीक काढला असता, रात्रभर निवू दिला असता आणि बुधवारी पहाटे चुलीवर चढवला असता. सात वाजता कुरोड्या खाटेवर पडल्या, तर दुपारी आभाळ येईपर्यंत वरची साल धरते. मग खाटच उचलून ओसरीत आणायची, पंख्याखाली. गुरुवारच्या उन्हात उलटायच्या. आतून ओल्या राहिल्या की डब्यात श्रावणापर्यंत टिकत नाहीत, हिरव्या पडतात. सासूबाईंना माझं नाव सांग, पण त्या ऐकतील असं नाही.

प्रश्न : पारशिवनीकडे आम्ही पहाटे मोह वेचायला जातो. विजांची भीती वाटते. जावं का?

उत्तर : पहाटे बहुधा मोकळं असतं, जा. पण दुपारी फुलं वाळवायच्या जागी थांबू नका. वीज दिसल्यावर आकडे मोजा : दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट आला तर पक्क्या घरात शिरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. मोहाखाली उभं राहून पाऊस टाळायचा नाही. एकटं उंच झाड वीज आधी ओढतं. कोणाकडे फोन असेल तर त्यात 'दामिनी' अ‍ॅप घालून घ्या, आसपास वीज पडत असली की ते सांगतं.

प्रश्न : ताई, पाडव्याला पाऊस येईल का? गुढीची साडी नवी आहे.

उत्तर : पाडव्याला अजून अठरा दिवस आहेत. सोळा दिवस थांबा, मग विचारा.