नकली डोळा दुपारनंतर कोरडा पडतो, टोचतो, चिकट घाण येते. रोज रात्री काढून धुवावा का? आणि समुद्रात उतरलं तर चालतं का?

रोज काढू नका, आधी तेवढं बंद करा. मीपण डाव्या बाजूला नकली डोळा घालतो, डिचोलीला राहतो, तुम्ही लिहिलेलं दुपारचं टोचणं आणि सकाळी चिकटलेल्या पापण्या दोन्ही चांगलं माहितीय.

बऱ्याच जणांना वाटतं डोळा काढला म्हणजे अश्रूपण बंद झाले. तसं नसतं, अश्रूंची ग्रंथी वर बाहेरच्या कोपऱ्यात असते आणि ऑपरेशनमध्ये शक्यतो तिला हात लावत नाहीत, म्हणजे पाणी येतं पण ते टिकत नाही. खऱ्या बुबुळावर अश्रूंचा थर नीट पसरून राहतो, आपला डोळा अ‍ॅक्रिलिकचा, दाताच्या कवळीला वापरतात तेच मटेरियल, त्याच्यावर तो थर लवकर फुटतो आणि वरून पापणीपण बऱ्याचदा पूर्ण मिटत नाही, त्यामुळे मधला पट्टा उघडाच राहून सुकतो. मग अश्रूंमधलं प्रोटीन तिथे वाळून खरखरीत होतं, प्रत्येक वेळी पापणी मिटताना आतली गुलाबी त्वचा त्याच्यावर घासते, ती चिडते आणि अजून चिकट घाण सोडते, ती घाण परत डोळ्यावर बसते, असं ते फिरत राहतं. त्यात आपण रोज बोट घालून काढणार, घासणार, परत बसवणार म्हणजे चिडलेल्या जागेला अजून चिडवणं, हातावरचे जंतू आत जातात ते वेगळंच. त्रास नसेल तर महिन्याभराने एकदा धुतलं तरी बऱ्याच जणांना पुरतं, तुमच्यासाठी किती ते डोळा बनवणाऱ्याला विचारा.

धुताना हात स्वच्छ, कोमट पाणी, लहान मुलांचा साधा साबण, आणि साबण अजिबात राहू द्यायचा नाही. स्पिरिट, डेटॉल, उकळतं पाणी काहीही नको, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. टूथपेस्टने घासा म्हणणारेपण भेटतील, त्याने चरे पडतात आणि चऱ्यात घाण जास्त बसते. मधल्या दिवसांत डोळा मिटून ओल्या स्वच्छ कपड्याने बाहेरच्या कोपऱ्याकडून नाकाकडे पुसायचं, उलटं पुसलं तर डोळा फिरतो, कधी हातातच येतो.

खरा फरक पडतो पॉलिशने. वर्षातून एकदा तरी मशीनवर पॉलिश करून घ्या, घरी होणारं काम नाही ते. तुमचा डोळा रेडिमेड आहे की माप घेऊन केलेला ते लिहिलं नाहीत, रेडिमेड असेल तर मागे पोकळी राहून तिथे पाणी साचतं आणि घाण येत राहते, मग कितीही थेंब घाला. माप घेऊन डोळे दातांच्या कॉलेजातला प्रोस्थोडॉन्टिक्स (कवळ्या आणि कृत्रिम अवयव बनवणारा) विभागपण बनवतो, बांबोळीच्या डेंटल कॉलेजात विचारून बघा. साधारण 5 वर्षांनी तसाही नवा करायला लागतो कारण आतला खोबणीचा आकार बदलत जातो.

थेंबांचं म्हणाल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले सीएमसीचे (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) ल्युब्रिकंट, म्हणजे ओलावा देणारे थेंब, रात्री ल्युब्रिकंटचंच घट्ट मलम, डोळा न काढताच वरून. लाली घालवणारे थेंब नकोत आणि स्टेरॉइडवाले मेडिकलमधून आपल्या मनाने तर अजिबात नकोत. पापण्यांच्या कडा चिकट असतील तर कोमट कपड्याचा शेक द्या, तिथल्या तेलाच्या ग्रंथी मोकळ्या झाल्या की पाणी कमी उडतं.

गोव्यात एवढी दमट हवा तरी कोरडं कसं पडतं असं घरचे विचारतातच. पण दिवसभर पणजीच्या ऑफिसात एसी, रात्री पंखा थेट तोंडावर, आणि आमच्याकडे खनिजाच्या ट्रकांच्या मागून बाईक चालवायची म्हणजे आणखी काय होणार? हेल्मेटची काच खाली ठेवा आणि बिननंबरचा का होईना पॉलीकार्बोनेटचा चष्मा लावा, चांगल्या डोळ्यासाठी तर लावाच, तो आता एकच आहे.

हिरवा-पिवळा पू, रक्त, अचानक दुखणं, पापणी सुजणं, डोळा आपोआप बाहेर येणं किंवा ऑपरेशनमध्ये खोबणीत आत बसवलेला गोळा दिसायला लागणं, यातलं काहीही झालं तर थेंबांवर वेळ काढू नका, सरळ डोळ्यांच्या ओपीडीत जा, गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळ असेल तिथे.

समुद्राचं, गुडघाभर पाण्यात कोण अडवतंय, पण कळंगुटच्या लाटेत तोंडावर पाणी बसलं आणि डोळा निघाला तर अ‍ॅक्रिलिक तरंगत नाही, बुडतं, वाळूत शोधून मिळणार नाही. पोहायचंच असेल तर घट्ट स्विमिंग गॉगल लावा आणि सूर मारू नका. काढूनच जायचं असेल तर डोळा डबीत पाण्यात नाहीतर सलाईनमध्ये ठेवा, कोरडा ठेवू नका, आणि पोहताना गॉगल तेव्हाही लावाच.