व्हीआर प्रशिक्षणाच्या कंपनीसाठी घर तारण ठेवावं का?

वाचकाचा प्रश्न: मी उत्पादन विभागात नोकरी करतो. कामगारांना व्हीआर (आभासी दृश्य दाखवणाऱ्या) हेडसेटवर यंत्रं शिकवणारी कंपनी मित्रासोबत काढायची आहे. बचत ४० महिन्यांच्या घरखर्चाएवढी. त्यातली १४ महिन्यांची निवृत्तीसाठी. एक कारखाना म्हणतो, "करून दाखवा, मग बघू." राजीनामा द्यावा, घर तारण ठेवून २० हेडसेट घ्यावेत का?

उत्तर: घर तारण ठेवू नका. राजीनामाही आत्ता नको.

निवृत्तीचे १४ आणि अडीनडीचे १२ महिने बाजूला काढले की हाताशी उरतात १४. पगार थांबला आणि कंपनीचा खर्चही घरखर्चाएवढाच धरला, तर ते सात महिन्यांत संपतात. कारखान्याचा पैसा इतक्या लवकर येत नाही. आधी चाचणी, मग सेफ्टी, प्रॉडक्शन आणि आयटीची मंजुरी, मग पुढच्या बजेटची वाट. ऑर्डर निघाली तरी बिल ६० ते ९० दिवसांनी. वर्ष सहज जातं. "मग बघू" ही ऑर्डर नव्हे.

हेडसेट दोनच घ्या. ऑक्युलस गो हा व्हीआर हेडसेट २०१८ मध्ये आला आणि २०२० मध्ये त्याची विक्री थांबली. या मालाला पुनर्विक्रीची किंमत फारशी धरूच नका. मोठ्या संख्येने लागले तर ग्राहकाला विकत घेऊ द्या.

खरा पैसा मॉड्यूल, म्हणजे हेडसेटवरचा धडा, बनवण्यात जातो. यंत्राचं कॅड मॉडेल (संगणकावरचा त्रिमितीय आराखडा) जसंच्या तसं हेडसेटवर चालत नाही. बोल्टच्या आट्यांपर्यंतचा तपशील छाटावा लागतो, नाहीतर चित्र अडखळतं आणि शिकणाऱ्याला मळमळतं. यंत्रात बदल झाला की पुन्हा काम, म्हणून करारात वार्षिक देखभाल शुल्क हवंच. पहिलं मॉड्यूल लॉकआउट-टॅगआउटचं करा: दुरुस्तीआधी ऊर्जा तोडून कुलूप आणि टॅग लावणं. पायऱ्या ठरलेल्या, चुका मोजता येतात. स्पॅनरने बोल्ट किती आवळायचा, हे मात्र हाताला कळावं लागतं. तिथे हेडसेट तोकडा पडतो. खरे हातमोजे घातले तर कॅमेऱ्याने हात ओळखण्यातही गफलत होते, त्यामुळे हातात धरायचा बटणांचा कंट्रोलर ठेवा.

चाचणी फुकट करू नका. ४० टक्के आगाऊ मागा आणि कोणता आकडा सुधारला की पुढची ऑर्डर, हे आधी लिहून घ्या. तोवर स्वतःचे चार महिन्यांच्या घरखर्चापलीकडे घालू नका. दोन वेगळ्या कारखान्यांचे आगाऊ पैसे मिळून घर आणि कंपनीचा सहा महिन्यांचा खर्च निघाला, की राजीनाम्याचं बोलू.

नोकरीच्या करारात जोडधंद्याचं आणि बौद्धिक संपदेचं कलम तपासा. मित्राचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने द्या, पहिलं वर्ष भरेपर्यंत एकही नाही. हाच नियम तुम्हालाही. कंपनीच्या नावावर कर्ज घेताना वैयक्तिक हमीवर सही मागतील. ती केलीत तर मर्यादित दायित्व, म्हणजे कंपनीचं कर्ज मालकाच्या घरापर्यंत न येणं, कागदावरच राहतं, घर पुन्हा पणाला लागतं.