जग बघा, पण डोंबिवलीची किल्ली खिशातच ठेवा

प्रिय ताई,
आमचे हे मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांचं वय ६०, माझं ५७. नोकरी खासगी कंपनीतली, त्यामुळे पेन्शन नावापुरतं. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि साठवलेलं धरून ९५ लाख आहेत. डोंबिवलीत दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, एजंट ८५ लाख येतील म्हणतो. गेले चार महिने हे रोज रात्री एका अमेरिकन जोडप्याचे व्हिडिओ बघतात. ते दोघं घरदार विकून जगभर हिंडतात, एकेका देशात दोन-तीन महिने राहतात आणि म्हणे अमेरिकेत राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आता यांचं ठरलंय : फ्लॅट विकायचा, जानेवारीअखेर थायलंडला च्यांग माईला जायचं, मग व्हिएतनाम, मग पोर्तुगाल. गणपतीत सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीरही करून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा आत मोदकांना वाफ देत होते. यांना मधुमेह आहे, मला दमा. मुलगी नाशिकला असते, मार्चमध्ये तिचं बाळंतपण. मी काही बोलायला गेले की म्हणतात, "तू आयुष्यभर घाबरतच राहिलीस." मी खरंच भित्री आहे का?
– मोदकवाली, डोंबिवली

प्रिय मोदकवाली,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वाफेपाशीच अडकले. बाहेर तुमच्या उरलेल्या आयुष्याचा बेत जाहीर होतोय, टाळ्या पडतायत, आणि तुम्ही आत मोदक फुटू नयेत म्हणून झाकण धरून उभ्या. भित्रेपणाचं नंतर बघू. मला आधी एवढंच विचारायचंय की त्या चार महिन्यांत "तुला कुठे जावंसं वाटतं?" हा प्रश्न तुम्हाला एकदा तरी कोणी विचारला का?

यजमानांवर मात्र मला राग येत नाहीये. पस्तीसेक वर्षं डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कुठेतरी लांब, जिथे कोणी "पुढे चला" म्हणून ढकलत नाही अशा ठिकाणी जाऊन राहावंसं वाटलं, तर त्यात वेडेपणा काही नाही. त्यांचं स्वप्न चांगलं आहे. हिशेब मात्र दुसऱ्याच्या वहीतला आहे.

ते अमेरिकन जोडपं खोटं बोलत नसणार. अमेरिकेत निवृत्त माणसाला महिन्याला सरासरी दोन हजार डॉलरच्या आसपास सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडचं सरकारी पेन्शन, मिळते, आणि ती परदेशात बसूनही घेता येते. म्हणजे एकट्याचे महिन्याला पावणेदोन-एक लाख रुपये, तेही डॉलरमध्ये. तिकडचं घरभाडं आणि विम्याचा हप्ता सोडून ते थायलंडला आले की त्यांना स्वस्ताई लागणारच. तुम्ही डोंबिवलीत स्वतःच्या घरात राहता, भाडं शून्य. घराबाहेर पडलात की पहिल्या दिवसापासून भाडं सुरू. च्यांग माईला साधी, स्वच्छ, एका बेडरूमची जागा महिन्याने घेतली तर १२ ते १५ हजार बात (बात म्हणजे थायलंडचं चलन). एक बात पावणेतीन रुपयांचा धरा, म्हणजे ३३ ते ४१ हजार रुपये. त्यांना जी बचत, तो तुम्हाला नवा खर्च.

आता तुमची वही उघडू. फ्लॅट विकून सगळे मिळून १ कोटी ८० लाख झाले आणि त्यावर ७ टक्के सुटले असं धरलं, तर वर्षाला १२ लाख ६० हजार, महिन्याला १ लाख ५ हजार. मी हात राखून मांडलं तरी भाडं, जेवणखाण, वीज, फिरणं, दोघांचा विमा, व्हिसा आणि दर तीन महिन्यांनी विमानाची तिकिटं मिळून सव्वा लाखाच्या खाली काही उतरेना. पोर्तुगालमध्ये तर नाहीच नाही. बरं, हे पहिल्या वर्षाचं. सगळं व्याज खाऊन टाकलं तर मुद्दल जिथल्या तिथे राहतं आणि खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला तरी बारा वर्षांत दुप्पट होतो. तेव्हा यजमान ७२ वर्षांचे असतील. रुपयाची गोष्ट निराळीच. २००५ मध्ये डॉलर ४४-४५ रुपयांना होता, २०२५ सरताना त्याने नव्वदी ओलांडली.

म्हणून फ्लॅट विकायचा नाही. या एका बाबतीत मी ताई नाही, सासूबाई आहे असं समजा. परत यावंसं वाटलं तर तेच घर त्याच भावात मिळणार नाही, वर सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क भरावं लागेल. ज्यांच्या घरात परत यायला जागा असते तेच लोक निवांत फिरतात, हे मी पुष्कळ पाहिलंय.

पुढची गोष्ट पासपोर्टची. व्हिडिओत ती दोघं विमानतळावर उतरतात आणि शिक्का मारून बाहेर पडतात. आपल्या निळ्या पासपोर्टवर तसं सगळीकडे होत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांचा मिळतो, तो सोपा आहे. पोर्तुगाल धरून युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे जिथे एकच सामाईक व्हिसा चालतो तिथे, मात्र सगळे मिळून १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी बँकेची स्टेटमेंट, रिटर्न, माणशी ९० युरो, आणि पहिल्या वेळी बोटांचे ठसेही. पोर्तुगालचा डी-७ नावाचा व्हिसा पेन्शन-व्याजावर जगणाऱ्यांसाठी आहे खरा, पण तो घेतला की वर्षातला बराच काळ तिथेच काढावा लागतो. मग हिंडायचं कधी? थायलंडचा निवृत्तांचा व्हिसा पन्नाशीनंतर मिळतो. त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बात ठेवा किंवा महिन्याला ६५ हजार बातचं उत्पन्न दाखवा, शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवा. ८ लाख बात म्हणजे साधारण २२ लाख रुपये. ते एकट्या यजमानांच्या नावावरून पाठवले तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो कर, २ लाख ४० हजार आधीच कापले जातील. रिटर्न भरताना ते वळते होतात, पण तोवर अडकले ना.

आता दुखणं. हा भाग व्हिडिओत नसतो, कारण ॲडमिट झालेला माणूस व्हिडिओ काढत नाही. इथला आपला मेडिक्लेम बहुतेक वेळा देशाबाहेर चालत नाही. प्रवासी विमा घेतलात तर आधीपासूनच्या आजाराला, म्हणजे यांच्या मधुमेहाला आणि तुमच्या दम्याला, बऱ्याच पॉलिसींत फक्त जिवावर बेतलं तरच पैसे मिळतात, तेही मर्यादेत. बारीक अक्षरातलं ते पान यजमानांना मोठ्याने वाचायला सांगा. आणि "आता बाहेरच राहणार, इथला हप्ता कशाला भरायचा" असं ते म्हणाले तर ऐकू नका. तो मेडिक्लेम एकदा बंद पडला की साठीनंतर नव्याने घेताना जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

च्यांग माईचं एक सांगते, कारण ते थेट तुमच्या छातीशी संबंधित आहे. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे आजूबाजूच्या शेतांत आणि डोंगरांवर आगी लावतात. खोऱ्यातलं शहर, धूर कोंडून राहतो, समोरचा दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा होतो. तिथे कायमचे राहणारे परदेशी निवृत्त लोकसुद्धा त्या दिवसांत दक्षिणेला समुद्राकडे पळतात. आणि यजमान दमेकरी बायकोला घेऊन जानेवारीअखेर निघणार! घाबरल्या असाल तर बरोबरच घाबरल्या आहात.

थोडं माझंही सांगते. मागे आम्ही दोघं मलेशियात पिनांगला २८ दिवस राहिलो. मीच हट्टाने नेलं होतं. जाताना बॅगेत हिंडालियमचा तीन लिटरचा कुकर, तूरडाळ, गोडा मसाला. घरमालकिणीने दिलेली शेगडी इंडक्शनची! कुकर ठेवला की शेगडी नुसती टूंटूं करायची, तापायची नाही. ॲल्युमिनियम तिला चालतच नाही. पहिले चार दिवस आम्ही जॉर्जटाउनच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवलो. मजा आली. नवव्या दिवशी यांना वरण-भात आठवला आणि अकराव्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. कारण आता आठवत नाही, पण एका खोलीत दिवसभर समोरासमोर बसायची सवय आम्हाला नव्हती एवढं कळलं. नोकरीच्या काळात आम्ही एकमेकांना फक्त संध्याकाळी भेटत होतो, हे तिथे लक्षात आलं. तिसऱ्या आठवड्यात मात्र बाजारातली कोथिंबीरवाली मला ओळखून हसायला लागली आणि परत यायच्या वेळी रडू आलं. तुम्हाला काय होईल ते तुम्हाला गेल्याशिवाय कळणार नाही. त्यांनाही नाही.

तेव्हा माझा बेत असा. दिवाळी झाली की दोघं च्यांग माईला जा आणि पंचेचाळीस दिवसांनी परत या. ते दिवस तिथे सगळ्यात छान, सकाळी स्वेटर लागेल, नाशिकइतकाच. व्हिसाविना किती दिवस राहू देतात ते थायलंडचं सरकार अधूनमधून बदलतं, म्हणून तिकिटाआधी तेवढं बघून घ्या. सहलीसारखं राहू नका. एकच जागा, महिन्याच्या भाड्याने. रोजचा खर्च एका वहीत, आणि वही यजमानांनी लिहायची. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाचे साडेतीन टक्क्यांपर्यंत लागतात, एटीएममधून काढताना दर वेळी दोनशेवर बात जातात, तेही लिहायचे. फ्लॅटला कुलूप, किल्ली शेजारी. बँकेचा ओटीपी येतो तो सिम रिचार्ज करून ठेवा, नाहीतर पैसे असून हात बांधलेले. यजमानांच्या पीएफच्या पेन्शनचा हयातीचा दाखला निघण्यापूर्वी करून टाका, तो बारा महिने चालतो.

धूर सुरू व्हायच्या आत तुम्ही घरी, आणि मार्चमध्ये नाशिकला. बाळंतपणाला "विमानाने येऊ" हे वाक्य आईने बोलायचं असतं, बाबांनी नाही.

वही बघून दोघांनाही पुढे जावंसं वाटलं तर वर्षातले चार-पाच महिने बाहेर काढा. भारतात १८२ दिवस राहिलात तर तुम्ही इथलेच रहिवासी, कराची भानगड वाढत नाही. यजमानांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवता येतील, हल्लीच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, आणि अनिवासी झाल्यावर ते खातं उघडता येत नाही. फ्लॅट विकण्याऐवजी तेव्हा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचा की कुलूप ठेवायचं, ते तुमच्या मनावर. भाड्याने दिलात तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क मागेल, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नसतं. सेक्रेटरी काही म्हणू देत.

हे सगळं त्यांना सांगायचं कसं? माझं पत्र पुढे करू नका, चिडतील. रात्री व्हिडिओ लागला की शेजारी जाऊन बसा. दहा मिनिटं बघा. मग म्हणा, "मला पण यायचंय, पण पहिला देश मी निवडणार." ते च्यांग माईच म्हणाले तर म्हणू देत, महिना तुम्ही निवडा. तुमच्या मनात मॉरिशस असेल तर तेही सांगून टाका. तिथल्या शाळांत मराठी शिकवतात आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. खिशाला जड जाईल, पण एकदा विचारायला काय हरकत आहे.

पुढच्या गणपतीत घोषणा करायचीच असेल तर तुम्ही करा. मोदकांवर झाकण तेवढ्यापुरतं त्यांना धरू दे.

– तुमची ताई