पेपर तुमचा, मांडणार दुसरेच

प्रश्न : मी कायद्यात पीएचडी करते आहे. कायदा आणि राज्यशास्त्र हे दोन्ही विभाग मिळून एक सेमिनार चालवतात, त्यात पुढच्या महिन्यात माझा पेपर आहे. विषय : अन्यायी कायदा मोडण्याचा हक्क. पेपर आठवडाभर आधी पाठवायचा, पण त्या दिवशी वाचायचा नाही. दुसरंच कोणीतरी त्याचा सारांश सांगून थेट आक्षेप घेणार म्हणे! सर, हा काय प्रकार आहे? राजकीय सिद्धांतवाल्यांपुढे माझा निभाव लागेल का?
– एक संशोधक

उत्तर : पहिल्यांदा माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी संभाव्य प्रश्नांच्या उत्तरांच्या नऊ चिठ्ठ्या करून नेल्या होत्या. एकही कामी आली नाही. सारांश सांगणाऱ्या बाईंनी माझं म्हणणं इतकं नेटकं मांडलं, की हे आपणच लिहिलंय का, असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "यातलं कोणतं वाक्य खोडलं तर सगळा पेपर कोसळेल?" मी पानं चाळत बसलो. शेवटी सापडलं, तेही तळटीपेत! हशा पिकला. तुम्ही ते वाक्य आजच शोधून ठेवा आणि तळटीपेत असेल तर वर आणा.

ही पद्धत छळासाठी नाही. रोनाल्ड ड्वॉर्किन आणि थॉमस नेगेल यांनी १९८७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात असंच सत्र सुरू केलं. लेखकाचा निबंध सगळ्यांनी आधीच वाचलेला असायचा, त्यामुळे सगळा वेळ वादाला मिळायचा. एक कायद्याचा माणूस, एक तत्त्वज्ञ. पाहुण्याला दोन्ही बाजूंनी उत्तरं द्यावी लागत.

आता तुमच्या शीर्षकाकडे येतो, कारण खरी गोची तिथेच आहे. 'हक्क' म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? कायद्याचे लोक विचारतील, कायदा मोडायचा हक्क कोणता कायदा देतो? राज्यशास्त्राचे विचारतील, तो मोडणं चूक नाही एवढंच म्हणताय, की राज्यसंस्थेने तुम्हाला अडवू नये असंही म्हणताय? या दोन दाव्यांत फार अंतर आहे. ड्वॉर्किन असा हक्क मानतात. कायद्याचे तत्त्वज्ञ जोसेफ राझ म्हणतात, उदारमतवादी राज्यात सविनय कायदेभंग कधी योग्य ठरेल, पण म्हणून तो हक्क ठरत नाही. तुम्ही कोणाच्या बाजूला, हे पहिल्याच पानावर सांगा.

दुसरा खड्डा 'वैधता'. आपण कायदेवाले हा शब्द सहज वापरतो : कायदा रीतसर झाला, म्हणजे वैध. समोरचे 'अधिमान्यता' विचारत असतात : हुकूम देण्याचा नैतिक अधिकार सत्तेला आहे का? एकाच शब्दाने दोन्ही कामं केलीत, तर अर्धा तास त्यातच जाईल. (आणि 'अधिकार' हा शब्द तर त्याहून घातकी! तो हक्कालाही चालतो, सत्तेलाही.)

एच. एल. ए. हार्ट आणि लॉन फुलर या कायद्याच्या दोन तत्त्वज्ञांचा वाद नक्की निघेल. हार्ट यांनी १९५७ मध्ये हार्वर्डला व्याख्यान दिलं. ते आणि फुलर यांचं उत्तर १९५८ मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूच्या एकाच अंकात छापून आलं. नाझी राजवटीतले कायदे कायदेच होते का, हा मुद्दा. हार्ट यांचं म्हणणं, दुष्ट असला तरी कायदा तो कायदाच, फक्त पाळण्याच्या लायकीचा नाही. फुलर यांच्या मते नियम करण्याची किमान शिस्तच मोडली की त्याला कायदा म्हणता येत नाही. फुलर यांचं ऐकायचं, तर तुमचा 'अन्यायी कायदा' काही वेळा कायदाच उरत नाही, मग मोडलं काय? हा आक्षेप मी घेतला असता. तुमच्या पेपरात त्याला दोन परिच्छेद तरी हवेत.

निभाव लागण्याचं म्हणाल, तर दर आक्षेपाला उत्तर द्यायची गरज नाही. "हे मला सुचलं नव्हतं" असं म्हणायला लाजू नका. तिथे ते चालतं. मात्र "हा माझा विषय नाही" म्हणू नका, कारण तो तुमचाच आहे, म्हणून तर बोलावलंय. आणि आक्षेप टिपून घ्यायला एखाद्या मैत्रिणीला शेजारी बसवा. बोलता बोलता स्वतः लिहायला गेलात तर दोन्ही बिघडतं.