मालवाहतुकीचे किमान भाडे सरकारने ठरवावे का?

प्रश्न : डिझेल महागले की ट्रकमालक संपाची भाषा करतात आणि सरकारने किमान भाडे ठरवून द्यावे अशी मागणी पुढे येते. कामगाराला किमान वेतन असते, मग भाड्याला किमान मर्यादा का नसावी? कोणत्या देशाने हे करून पाहिले आहे का?

उत्तर : करून पाहिले आहे, आणि त्यांतले सर्वांत बोलके उदाहरण ब्राझीलचे आहे. तेथील सरकारी नियंत्रणाखालच्या पेट्रोब्रास कंपनीने जुलै 2017 पासून इंधनाचे दर जवळजवळ रोज बदलण्यास सुरुवात केली. पुढे कच्चे तेल चढले, ब्राझीलचे चलन रिआल घसरले आणि 21 मे 2018 रोजी ट्रकचालकांनी महामार्ग अडवले. काही दिवसांतच पंप कोरडे पडले, विमानतळांवर इंधन संपत आले आणि खाद्य न पोहोचल्याने कोंबड्या मेल्या. अखेर अध्यक्ष मिशेल टेमेर यांच्या सरकारने डिझेल लिटरमागे 0.46 रिआलने उतरवले आणि किमान भाड्याचा वटहुकूम काढला, ज्याचा ऑगस्टमध्ये कायदा झाला.

मात्र या संपाचे मूळ केवळ डिझेलमध्ये शोधले तर फसगत होते. वाहन कारखाने चालू राहावेत म्हणून 2009 पासून सरकारी विकास बँकेमार्फत ट्रकखरेदीला अतिशय स्वस्त कर्ज मिळत होते. काही काळ तर त्याचा व्याजदर महागाईच्या दराहूनही कमी होता. ट्रक भराभर वाढले, आणि 2015 व 2016 या दोन्ही वर्षी अर्थव्यवस्था तीन टक्क्यांहून अधिक आकसली तेव्हा माल थोडा आणि ट्रक फार अशी अवस्था झाली. अशा वेळी धंदा आवरता घेणे ट्रकमालकाला जमत नाही, कारण ट्रक उभा असो वा धावता, बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून डिझेल, टोल आणि चालकाचा पगार भागून हप्त्यासाठी थोडे जरी उरत असेल तरी तो मिळेल त्या भाड्याला माल भरतो आणि टायर-इंजिनाचा खर्च पुढे ढकलतो. सगळेच असे करू लागले की भाडे आणखी पडते. परतीच्या खेपेत तर रिकामे येण्यापेक्षा नुसता डिझेलचा खर्च निघाला तरी पुष्कळ, असा हिशेब असतो.

सरकारी दरपत्रकाने जास्तीचा एकही ट्रक रस्त्यावरून हटत नाही. ब्राझीलमध्ये माल पाठवणाऱ्यांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मांस-धान्य व्यवसायातील काही बड्या कंपन्या स्वतःचेच ट्रक घेण्याकडे वळल्या.

ऑस्ट्रेलियात प्रकार अधिक विचित्र झाला. 2012 मध्ये स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाने स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्यांसाठी किमान मोबदल्याचा आदेश दिला, तो एप्रिल 2016 मध्ये लागू होताच त्याच मंडळींतील अनेकांनी विरोधाचा झेंडा उभारला, कारण तो आदेश मोठ्या ताफ्यांच्या पगारी चालकांना लागू नव्हता आणि आपले काम तिकडे जाईल अशी त्यांना धास्ती होती. त्याच महिन्यात संसदेने न्यायाधिकरणच मोडीत काढले.

मला दक्षिण कोरियाची पद्धत त्यांतल्या त्यात समंजस वाटते. 2020 ते 2022 या काळात तेथे केवळ कंटेनर आणि सिमेंट यांच्या वाहतुकीला किमान भाडे होते आणि कमी पैसे देणाऱ्या मालधन्याला दंड होता. अशा ठरावीक मालाचा दर अंतरावरून ठरवता येतो. भाजीपाला, यंत्रे आणि फर्निचर यांना एकच कोष्टक लावणे म्हणजे पळवाटांना आमंत्रण. मुदत संपत आली तेव्हा ती वाढवावी म्हणून तेथील चालक नोव्हेंबर 2022 मध्ये संपावर गेले, यावरून त्यांना या पद्धतीचा उपयोग वाटत होता एवढे निश्चित म्हणता येईल.

प्रश्न : डिझेल स्वस्त झाले तरी ट्रकमालकाचा फायदा वाढताना दिसत नाही, असे का?

उत्तर : ट्रक जास्त असतील तर ती बचत मालधनी भाड्यात कापून घेतो. डिझेलच्या दराबरोबर भाडे आपोआप वरखाली होईल असे कलम करारात असले तर दोन्ही बाजूंचा तंटा बराच मिटतो. मात्र बहुतेक छोट्या मालकांचा व्यवहार दलालामार्फत तोंडी होत असल्याने कलम लिहायला कागदच नसतो. माल चढवण्या-उतरवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागते त्याचे पैसेही याच कारणाने बुडतात, आणि माझ्या मते लेखी कराराची सक्ती दरपत्रकाच्या आधी यायला हवी.