पगार वाढवूनही माणसे का जातात?

प्रश्न : उद्यमबागेतील आमच्या मशीन शॉपमध्ये बरेच कामगार खानापूर तालुक्यातून येतात. पगार वाढवला, तरी अनुभवी माणसे ‘घरचे जमत नाही’ म्हणून नोकरी सोडण्याची भाषा करतात. हे निव्वळ निमित्त समजावे काय?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : निमित्त समजू नये. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ मध्ये काम आणि कुटुंब यांच्यातील ओढाताणीची तीन मुळे सांगितली : वेळ, ताण आणि दोन्हीकडे अपेक्षित असलेली वेगवेगळी वागणूक. आपल्याकडे यांपैकी वेळेचे मूळ सर्वांत खोल दिसते. दुसरी पाळी संपताना ‘आज थांबावे लागेल’ असे ऐनवेळी सांगितले, की गावाकडची शेवटची बस चुकते, आजारी आईला दवाखान्यात नेणे राहते आणि त्या रात्रीची झोपही जाते. ओव्हरटाइमच्या पैशांनी यांतले काहीच भरून निघत नाही.

ही ओढाताण दोन दिशांनी होते. घरच्या अडचणीमुळे पडलेला खाडा हजेरीपटावर लगेच दिसतो, म्हणून मालकांची तक्रार नेहमी त्याचीच असते. कामाने घरचा किती वेळ घेतला, याची मात्र कोठेच नोंद होत नाही. माणूस थकतो, कामावरचे मन उडते आणि सोडून जाण्याचा विचार बळावतो, तो बहुधा या नोंद नसलेल्या बाजूने. असमाधान आणि राजीनामा यांच्यामध्ये विचार करणे, दुसरीकडे चौकशी करणे, तुलना करणे असे टप्पे असतात, अशी मांडणी अमेरिकन अभ्यासक मोब्ली यांनी १९७७ मध्ये केली होती. तुमची माणसे अजून बोलत आहेत, म्हणजे ती बहुधा पहिल्याच टप्प्यांवर आहेत. कर्जाच्या हप्त्यांमुळे काही जण जाणारही नाहीत, पण मनाने गेलेला कामगार यंत्रावर उभा असणे हेही काही सुखाचे नव्हे.

पाळ्यांचा तक्ता पंधरा दिवस आधी लावावा, आपसात पाळी बदलण्याची मुभा द्यावी, आणि भातलावणीच्या व गावच्या यात्रेच्या रजा आधीच ठरवून घ्याव्यात. सुपरवायझरला यात थोडा अधिकार द्या. अडचण ऐकून घेणारा वरिष्ठ असला, की जाण्याचा विचार पुष्कळदा तेथेच थांबतो. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यानेच बंधनकारक आहे. पगाराचा विचार यानंतर करावा. मात्र ओव्हरटाइम दुप्पट दराने देत नसाल, तर तो आधी सुरू करा.