बंदूक उचललेल्यांशी बोलून युद्ध खरंच मिटतं का, की एक बाजू हरली तरच?

तुम्ही विचारलंय की असे करार नुसते कागदावर राहतात का आणि भारतात खरंच मिटल्याचं एखादं उदाहरण आहे का. आहे, मिझोराम. बँकेच्या बदलीमुळे मी अडीच वर्षं तिथल्या राजधानीत, ऐझॉलला काढली. ऑर्डर आली तेव्हा घरी रडारड, कारण आमच्याकडे ईशान्य म्हणजे गोळीबार एवढंच माहीत, आणि तिथे जाऊन बघतो तर ट्रॅफिक जाममध्येसुद्धा कुणी हॉर्न वाजवत नाही. याच शहरावर 5 मार्च 1966 ला आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले होते हे मला तिथे गेल्यावर कळलं. शाळेच्या पुस्तकात कुठे वाचल्याचं आठवत नाही.

सुरुवात झाली उंदरांपासून, मस्करी नाही. तिथल्या डोंगरांत एका जातीचा बांबू साधारण 48 वर्षांनी एकदम फुलतो, त्याचं बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि बी संपलं की शेतातल्या भातावर तुटून पडतात. या दुष्काळाला तिकडे माउताम म्हणतात. तेव्हा मिझो हिल्स हा आसामचा एक जिल्हा होता. जुन्या लोकांना वर्षाचा हिशोब पाठ, त्यामुळे जिल्हा कौन्सिलने 1958 मध्येच सरकारला सांगून ठेवलं होतं की संकट येतंय, 15 लाख रुपये द्या. सरकारला वाटलं अंधश्रद्धा आहे. 1959 ला व्हायचं तेच झालं. लोकांना धान्य पोचवायला जी संघटना उभी राहिली तिच्या नावात दुष्काळ हा शब्द होता, 1961 मध्ये तो शब्द गळला आणि मिझो नॅशनल फ्रंट तयार झाली, पुढारी लालडेंगा, पूर्वी सैन्यात हवालदार आणि नंतर कौन्सिलच्या ऑफिसात क्लार्क. मध्येच 1960 ला आसामने असमियाला राजभाषा केलं, तो राग वेगळाच. 1 मार्च 1966 ला या फ्रंटने स्वातंत्र्यच जाहीर केलं, आसाम रायफल्सच्या ठाण्यांना वेढे पडले, आणि मग ती विमानं.

पण तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलाल तर बॉम्बपेक्षा जास्त निघतं ते गावं उठवण्याचं. बंडखोरांना जेवण मिळू नये म्हणून 1967 पासून सैन्याने पाचशेच्या वर गावं रिकामी केली आणि माणसं रस्त्याकडेच्या कुंपण घातलेल्या वस्त्यांमध्ये आणून ठेवली. आमची घरमालकीण तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिला सगळे पी म्हणायचे, आपण बाई म्हणतो तसं. ती मिझोत सांगायची, मुलगा मध्ये बसून इंग्रजीत. सकाळी निघायला सांगितलं, आईने कपाळाला पट्टा लावून पाठीवरच्या टोपलीत तांदूळ घेतला, धाकट्याला छातीशी बांधलं, आजोबांनी डुकराला मोकळं सोडलं तर ते मागे मागेच यायला लागलं. वळणावरून तिने पाहिलं तर गावातून धूर येत होता. शेतावर जायचं तर पास, अंधार पडायच्या आत परत, हजेरी. आणि शेत राहिलेलं जुन्या गावापाशी, म्हणजे अर्धा दिवस चालण्यातच, मग पिकणार काय? डुकराचं काय झालं विचारलं तर ती हसली, म्हणाली खाल्लं, दुसरं काय करणार. त्या वीस वर्षांना तिकडे रामबुआई म्हणतात. रामाशी संबंध नाही, राम म्हणजे मुलूख, बुआई म्हणजे घोर लागलेला.

आता तुमचा मुद्दा, एक बाजू थकली म्हणून संपलं का. अर्धं हो. बंडखोरांचे तळ पूर्व पाकिस्तानात होते, 1971 ला बांगलादेश झाला आणि पायाखालची जमीनच गेली. पण त्यानंतरही पंधरा वर्षं गेली की! 1976 ला एक करार झाला तो फसला. मधल्या काळात चर्चवाले दोन्हीकडे खेटे घालत होते, त्यांचं श्रेय फार कुणी देत नाही. लालडेंगांची इंदिरा गांधींशी भेट ठरली ती नेमकी 31 ऑक्टोबर 1984 ला, म्हणजे त्यांची हत्या झाली त्याच दिवशी. शेवटी 30 जून 1986 ला मिझो करारावर सह्या झाल्या आणि केंद्राच्या वतीने सही करणारे गृहसचिव होते आपले राम प्रधान, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव होते तेच. गंमत म्हणजे त्याच दिवशी ते रिटायर होणार होते!

कागद पुरेसा असता तर याच प्रधानांची सही 1985 च्या आसाम करारावरही आहे, तिथे उल्फा ही वेगळा आसाम मागणारी सशस्त्र संघटना पुढे कित्येक वर्षं लढतच राहिली. पंजाब करार झाला आणि महिनाभरात त्यावर सही करणाऱ्या अकाली नेत्याला, लोंगोवालांना मारलं. मग मिझोरामलाच का टिकलं? माझ्या मते कारण एकच, दिलेला शब्द लगेच आणि दिसेल असा पाळला गेला आणि त्यासाठी कुणीतरी स्वतःची खुर्ची सोडली. काँग्रेसचे लाल थनहावला मुख्यमंत्री होते, ते उपमुख्यमंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये कालपर्यंत देशद्रोही असलेला लालडेंगा मुख्यमंत्री. सहा महिन्यांत, 20 फेब्रुवारी 1987 ला, वेगळं राज्य. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा सरपंच अडीच वर्षांनी ठरल्याप्रमाणे राजीनामा देत नाही हो! आणि खरी परीक्षा नंतरच झाली, 1988 ला आमदार फुटून लालडेंगांचं सरकार पडलं, पुढची निवडणूकही हरले, पण कुणी परत जंगलात गेलं नाही, विरोधात बसले.

सगळं गोड झालं असंही नाही. राज्य मिझोंचं झालं, पण 1997 ला तिथल्याच अल्पसंख्य ब्रू जमातीच्या हजारो लोकांना पळून त्रिपुरात जावं लागलं, ते कॅम्पात वीस वर्षांवर राहिले आणि 2020 मध्ये त्यांना त्रिपुरातच वसवायचं ठरलं. त्या विषयावर आमची पी गप्प व्हायची, मुलगाही भाषांतर करायचा नाही.

बांबू 2006-07 ला पुन्हा फुलला. तेव्हा मुख्यमंत्री होते झोरामथंगा, लालडेंगांबरोबर जंगलात राहिलेले. या वेळी तयारी वर्षं आधीपासून सुरू होती, बांबू फुलायच्या आत तोडायचा, भाताऐवजी आलं-हळद लावायची, आणि उंदीर मारून शेपटी आणून दिली की शेपटीमागे एक-दोन रुपये. शेपट्या मोजायला सरकारी माणूस बसायचा म्हणे. पीच्या मुलाने त्यातून शाळेत असताना फुटबॉल घेतला होता.